एक्स्टर्नल रायटरवर मुंजीची डीव्हीडी: आजीचा प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो

रिकामटेकडी
मंडळी, भाच्याच्या मुंजीचं सगळं शूटिंग मोबाइलवर आहे, १०८०पी, एमपी४. आजी मिरजेजवळ राहते. तिच्याकडे डबा टीव्ही आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा डीव्हीडी प्लेअर आहे, पेनड्राइव्हला जागाच नाही. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही म्हणून यूएसबीवाला पातळ रायटर घेतला. कधी सुरुवातीलाच 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' येते, कधी मध्येच टिक्क आवाज होऊन ड्राइव्ह गायब. एक डिस्क झाली पूर्ण, लॅपटॉपवर छान दिसते, पण आजीचा प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो. ड्राइव्ह परत करू का?

सांगलीकर
आजीला नवा टीव्ही घ्या की!

रिकामटेकडी
तुम्ही बोलता का तिच्याशी? "हा बिघडला की बघू" हे गेली कित्येक वर्षं चालू आहे. आणि तो बिघडत नाही.

जुना शूटर
ताई, परत करू नका एवढ्यात. लग्नाच्या कॅसेटींपासून हेच काम केलंय. तुमच्या इथं दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं करंटचं. रायटर लिहायच्या आधी लेझरची ताकद डिस्कवर तपासून बघतो. करंट कमी पडला किंवा डिस्क हलकी असली की तिथंच अडतो. यूएसबी २ चं पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. तेव्हा निळं पोर्ट बघा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, हब मध्ये घालू नका. दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. मोकळ्या गड्डीतल्या बिननावाच्या डिस्क मी फुकट दिल्या तरी घेत नाही. डीव्हीडी-आर घ्या, जुन्या प्लेअरांना 'डीव्हीडी+आर'पेक्षा ती जास्त मानवते.

दुसरं, तुम्ही एमपी४ फाइल नुसती डिस्कवर टाकली असणार. विंडोज विचारतं त्यातला 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसोबत' हा पर्याय निवडला तरी होते डेटा डिस्कच. आजीच्या प्लेअरला एमपीईजी-२ या जुन्या प्रकारातला व्हिडिओ आणि तो ठेवलेला व्हिडिओ_टीएस फोल्डर लागतो. तशी डिस्क बनवणारं 'डीव्हीडीस्टायलर' सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) निवडा, ७२० बाय ५७६. बर्न न करता आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, करून ठेवा आणि 'इमगबर्न' या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरनं ४एक्स वेगावर लिहा, व्हेरिफायची खूण राहू द्या. म्हणजे डिस्क वाया गेली तरी कन्व्हर्ट करायला पुन्हा रात्र जागायला नको.

किती वेळाचं आहे?

रिकामटेकडी
तीन तास! 😬 निळ्या पोर्टवर ड्राइव्ह आता गायब होत नाही. पण आयएसओ चालवून बघितली तर मातृभोजनापासून आवाज पुढे, ओठ मागे.

जुना शूटर
मोबाइल फ्रेम कमीजास्त करत रेकॉर्ड करतो, त्यामुळे आवाज सरकतो. आधी 'हँडब्रेक' या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून सेकंदाला २५ फ्रेम, 'कॉन्स्टंट' करून घ्या, मगच डीव्हीडीस्टायलरमध्ये टाका.

तीन तास एका डिस्कमध्ये कोंबू नका. ४.७ जीबीत दोन तास घातले तर सेकंदाला जेमतेम ५ मेगाबिट मिळतात, तीन तासांत ३.५. होमाच्या धुरात नुसते चौकोन दिसतील. दोन डिस्क करा, नाहीतर जेवणाच्या पंगती कापा. (पंगती कापल्या की नातेवाईक रुसतात, हे अनुभवानं सांगतो.) आणि उभं धरून काढलेलं जे काही असेल ते त्या टीव्हीवर मधल्या पट्टीतच दिसणार, त्याला इलाज नाही.

रिकामटेकडी
पंगतीत आजीच वाढतेय, त्या राहणार. दोन डिस्क करते.

जुना शूटर
मग वर मार्करनं १, २ लिहा. कागदी लेबल नको, प्लेअरमध्ये सुटून अडकतं.