प्रति: फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर मानेत गाठ
देवगडच्या ताई, भावाच्या मानेतली गाठ टीबीचीच असेल असं तुम्ही धरून चाललाय. टीबी तपासायलाच हवा, पण एपस्टाईन-बार विषाणूही विसरू नका. १९६४ साली सापडलेला हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून निपचित असतो. शरीराने नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांनी विषाणूला आवरणाऱ्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दबल्या, की विषाणूने बाधित बी पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोकाट वाढतात आणि गाठ होते. दात्याला लागण होऊन गेलेली आणि रुग्णाला नाही, अशा जोडीत धोका सर्वात जास्त, त्यातही पहिल्या वर्षात. कधी गाठ नव्या फुफ्फुसातच येते! निदान बायोप्सीने होतं. उपचारात गोळ्या कमी करतात, गरज पडल्यास रिटुक्सिमॅब हे बी पेशी मारणारं औषध देतात. पण मनाने एकही गोळी बंद नको, शरीर फुफ्फुस नाकारू शकतं. सोनोग्राफी कणकवलीत करा, रिपोर्ट मात्र लगेच प्रत्यारोपणवाल्या डॉक्टरांना पाठवा. गणपती होईपर्यंत थांबू नका.