आयर्लंडमधली नंबर वन गाणी आणि ती ऐकलेली माणसं – अनुभव धागा

मंडळी, आयर्लंडमध्ये राहणारे किंवा राहून गेलेले बरेच जण इथे आहेत म्हणून हा धागा काढतेय. ऑफिसात चहाला बसलो होतो, मी सहज विचारलं की तुमच्या लहानपणी चार्टमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त खपणाऱ्या गाण्यांच्या यादीत, एक नंबरला काय असायचं. मला वाटलं आता यू-टू निघेल, क्रॅनबेरीज निघेल, असे इथले मोठे बँड. निघाली ती टर्की! डस्टिन नावाचा टर्की, लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला बाहुला, अस्सल डब्लिनी बोलणारा आणि महा-उद्धट. १९९४ मध्ये गायक बॉब गेल्डॉफ आणि डब्लिनर्स बँडचा रॉनी ड्रू यांच्यासोबत 'स्पॅनिश लेडी' गायला आणि थेट नंबर वन. पुढे २००८ मध्ये लोकांनी मतं देऊन ह्यालाच युरोव्हिजनला (युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा) पाठवला, तो सेमीफायनललाच आपटला. पन्नाशीची माणसं हे सांगताना डोळे पुसत हसत होती. तर तुमच्या ओळखीच्या आयरिश लोकांकडून काय काय ऐकलंत ते लिहा. गाणं भारी असलंच पाहिजे असं अजिबात नाही.

कॉर्ककर:
मस्त विषय. मी नर्सिंग होममध्ये काम करतो, त्यामुळे माझ्याकडे साठच्या दशकाचा साठा आहे :) इथला चार्ट ऑक्टोबर १९६२ ला सुरू झाला, रेडिओवर लागायचा, आणि पहिला नंबर वन एल्विस. पण आमच्या आजीआजोबांना एल्विसचं काही पडलेलं नाही, त्यांना रॉयल शोबँड पाहिजे. वॉटरफर्डचा बँड, गायक ब्रेंडन बॉयर. १९६३ मध्ये 'किस मी क्विक' नंबर वनला गेलं, म्हणजे आयरिश कलाकाराचं पहिलंच, गाणं एल्विसचंच पण आवाज आपला. मग १९६५ ला 'हकलबक'. ते लावलं की व्हीलचेअरवरचे पायसुद्धा हलतात, खरंच सांगतो. एका आजींनी मला सगळं वर्णन करून सांगितलं, गावाबाहेर मोठा हॉल, दारू नाही, नुसती लेमोनेड, एका भिंतीला पोरी दुसऱ्या भिंतीला पोरं, आणि बँड सुरू झाला की पोरांची जी झुंबड यायची त्यात पहिला कोण येतो ते बघायचं नाही, कोणाच्या सायकलला दिवा आहे ते बघायचं, कारण रात्री घरी कोण सोडणार! आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, सगळं बंद. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं थांबतात तसं. तेवढे आठवडे बँडवाले इंग्लंडला जाऊन तिथल्या आयरिश मजुरांसमोर वाजवायचे. आजी म्हणाल्या, नवरा मला हकलबकमुळे मिळाला, आणि मग जरा थांबून, "नाचायला काही येत नव्हतं हं त्याला."

गॉलवेची_सून:
माझे सासरे उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचे, त्यामुळे आमच्याकडे गायिका डाना. १९७० ला ती अठरा वर्षांची शाळकरी मुलगी, डेरीच्या बॉगसाइड वस्तीतली, अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन युरोव्हिजन जिंकून आली, आयर्लंडचं पहिलंच. गाणं नऊ आठवडे नंबर वन. मला ते गाणं फार गोग्गोड वाटतं, मी तसं जेवताना बोलून गेले तर टेबलावर शांतता. मग सासूबाईंनी समजावलं की अगं, आदल्या ऑगस्टपासून आमच्या रस्त्यावर ब्रिटिश सैन्य उभं होतं, बातम्यांत डेरी म्हटलं की दगड आणि धूर, आणि तेवढ्यात आमच्या गल्लीतली पोर पांढरा छोटा ड्रेस घालून स्टुलावर बसून फुलांबिलांचं गाते आणि अख्खा युरोप मतं देतो. आता कळतं. गाणं गोग्गोडच आहे पण.

रेनकोटवाला:
पुट एम अंडर प्रेशर!!! कोणीच कसं लिहिलं नाही अजून. इटालिया ९० चं, म्हणजे १९९० च्या फुटबॉल वर्ल्डकपचं गाणं. आयर्लंडचा पहिला वर्ल्डकप, कोच जॅक चार्लटन म्हणजे इंग्रज, आणि त्याला ह्यांनी जवळजवळ संत करून टाकलंय. गाणं यू-टूच्या लॅरी मलनने केलेलं, गिटारचा तुकडा हॉर्सलिप्स ह्या जुन्या आयरिश बँडचा, तेरा आठवडे हललं नाही वरून. माझा बॉस अतिशय गंभीर माणूस, पण जिनोआमध्ये रोमेनियाविरुद्ध पॅकी बॉनरने पेनल्टी अडवली ते सांगायला लागला की मीटिंग संपली समजा. क्वार्टरफायनलला इटलीकडून १-० हरले ते मात्र तो सांगत नाही.

पुणे_ते_स्लायगो:
आमच्या कॉलेजात वेस्टलाइफ ह्या आयरिश बॉयबँडची कॅसेट वहीसारखी फिरायची. स्लायगोत नोकरी लागली तेव्हा मला वाटलं तीर्थक्षेत्री चाललेय. त्यांची पहिली सात सिंगल्स ओळीने ब्रिटनमध्ये नंबर वन, हे मी सहकाऱ्यांना मोठ्या भक्तीने सांगितलं. एक जण म्हणाला, हो, आमच्या गावातलीच पोरं ती, आणि सँडविच खायला लागला. बस. एवढंच. त्याच माणसाने ख्रिसमस पार्टीत 'मॅनियाक २०००' लागल्यावर टाय डोक्याला बांधला. हे गाणं आयर्लंडच्या बाहेर कोणाला माहीत नाही, फ्लॅशडान्स सिनेमातल्या जुन्या गाण्यावर मार्क मकेब नावाचा डब्लिनचा डीजे नुसता ओरडतोय, आणि २००० साली दहा आठवडे नंबर वन! लग्नात, शाळेच्या डेब्स बॉलला (शाळा संपल्यावरची नाचाची पार्टी), कुठेही, ते लागलं की पोरी चपला काढून पळत येतात. मला पाच वर्षं कळलं नाही ह्यात काय आहे. आता मीही पळते.

विकलोवासी:
थोडं वेगळं. ऑगस्ट २०२३, ब्रे. गायिका शिनेड ओकॉनरची अंत्ययात्रा समुद्राकाठच्या रस्त्याने गेली तेव्हा मी शेजारीणबाईंबरोबर उभी होते. पुढे जुनी फोक्सवॅगन व्हॅन, त्यावर स्पीकर, त्यातून बॉब मार्ली, लोक टाळ्या वाजवत होते. 'नथिंग कम्पेअर्स टू यू' १९९० मध्ये इथे, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत, सगळीकडे वर. प्रिन्सचं गाणं हे कितीतरी जणांना नंतर कळलं. शेजारीणबाई म्हणाल्या, ९२ ला तिने टीव्हीवर पोपचा फोटो फाडला तेव्हा आमच्या आईने तिची कॅसेट कचऱ्यात टाकली, मी रात्री जाऊन काढून आणली आणि लग्न होईपर्यंत गादीखाली ठेवली. चर्चच्या संस्थांमधले मुलांवरचे अत्याचार बाहेर यायला लागले तेव्हा त्याच आई म्हणाल्या की ती पोरगी आधीच सांगत होती. आईला कॅसेटचं कधी सांगितलं का विचारलं, तर म्हणे, वेडी आहेस का.

कॉर्ककर:
@विकलोवासी, हे भारी आहे. एक राहिलं, रेडिओ निवेदक लॅरी गोगन. चार्ट म्हटलं की सगळे ह्याचा आवाज काढून दाखवतात. रेडिओवर एका मिनिटाची क्विझ घ्यायचा आणि कोणी सगळीच उत्तरं चुकवली तरी म्हणायचा, प्रश्नच तुला सूट झाले नाहीत. आमच्याकडे आता कोणाचा बिंगो हुकला की हेच ऐकायला मिळतं.

रेनकोटवाला:
'रिव्हरडान्स' विसरलात, ते आयरिश नाचाचं संगीत. १९९४, अठरा आठवडे नंबर वन. युरोव्हिजनचा मधला वेळ भरायला केलेलं सात मिनिटांचं काम, आणि स्पर्धा आयर्लंडनेच जिंकली तरी जिंकलेलं गाणं ऑफिसात एकालाही आठवेना, मी सगळ्यांना विचारून बघितलं. लिमरिकचं कोणी आहे का इथे? मला तिथल्या रबरबँडिट्सच्या 'हॉर्स आउटसाइड' ह्या विनोदी गाण्याबद्दल भांडायचंय, २०१० च्या ख्रिसमसला ते दोन नंबरवर अडकलं ते आमच्या टीमला अजून सहन होत नाही.