मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन जानेवारीत मनालीला चाललोय, कपडे काय न्यावेत?

आमचं गाव यवतमाळकडचं, इथली थंडी म्हंजे सकाळी शेकोटी पेटवली अन् कानटोपी चढवली की भागते, पण मनाली 2,000 मीटरच्या वर, रात्री पारा शून्याखाली जातो आणि पुढं अटल बोगद्यातून सिस्सूलाही जायचंय. आई लुगडं नेसते, आतून थर्मल घातलं तरी काठ बर्फात ओला होईल ना? काय करावं? कापूस वेचून तिच्या बोटांना चिरा पडल्यात, हातमोजे घालताना लोकर त्यात अडकते, आतून मऊ असलेले कुठं मिळतील? बाबांना बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरला विचारतोच आहे, तरी कोणी म्हाताऱ्या माणसांना नेलं असेल तर अनुभव सांगा. बूट नागपूरहून घ्यावे की तिथं भाड्यानं? दोघंही पहिल्यांदाच बर्फ पाहणार आहेत, नक्की सांगजा बाप्पा.