गाडीवाल्याने सायकलला उडवलं तर काय करायचं? खिशात ठेवायला कार्ड बनवतोय, बजेट माणशी ३०० रुपये

गिरणाकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. आमचा रविवारचा चौदा जणांचा ग्रुप आहे. जळगाव-पाळधी-एरंडोल, कधी नशिराबादमार्गे भुसावळ. म्हणजे सगळा हायवेच. कोणी ठोकून गेलं तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं ते कार्डावर छापून प्रत्येकाला द्यायचंय, सोबत छोटा पाऊच. माणशी ३०० रुपये, वर एक रुपया नाही. कार्डावर काय लिहू, पाऊचमध्ये काय टाकू?

लळिंग_चढ (धुळे)
कार्डाने काही होत नाही. पुढे-मागे कॅमेरा लावा. मागचा सीटपोस्टला, लाइटसकट येतो तो घ्या. पंधरा हजारांच्या आत चांगला मिळतो. नंबर प्लेट दिसली की विषय संपला.

गिरणाकाठ
भाऊ, ३०० लिहिलंय.

नाना_पारोळा
कॅमेरा राहू द्या. कार्डावर पहिली ओळ: लगेच उठू नका. मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येताहेत, तर पडल्या जागीच राहायचं आणि हेल्मेट कोणाला ओढून काढू द्यायचं नाही. सोबतच्या दोघांनी मागे जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवायच्या. दुसरी ओळ: रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ पण. फोनवर किलोमीटरचा दगड किंवा पंपाचं नाव सांगा, आणि जळगावकडे तोंड की धुळ्याकडे तेही. मध्ये दुभाजक आहे. गाडी चुकीच्या बाजूला आली तर पुढचा कट येईपर्यंत वळता येत नाही.

केळीबाग_रावेर
फोटोंचा क्रम लिहा. लोक आधी गुडघ्याचे फोटो काढतात आणि तोवर गाडी निघून जाते. पहिला फोटो नंबर प्लेट आणि ड्रायव्हर एकाच चौकटीत. मग लांबून सगळा रस्ता, दगड किंवा पाटी दिसेल असा. मग सायकल पडलेली तशीच, ब्रेकच्या खुणा, फुटलेली काच. जखमा शेवटी, त्या कुठे जात नाहीत.
आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉली. मागे नंबर नाही, रिफ्लेक्टर नाही, कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ट्रॉलीचा मागून फोटो काढून उपयोग नाही, पुढे जाऊन बोनेटवरचा नंबर घ्या. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा असतो, म्हणून दोन्हींचे फोटो हवेत. नाहीतर विमा कंपनी नंतर तोच मुद्दा काढते.

लळिंग_चढ
म्हणूनच म्हटलं कॅमेरा. पडलेला माणूस पुढे जाऊन बोनेटचा फोटो काढणार आहे का?

कोर्टगल्ली (जळगाव)
फोटो-कॅमेरा सगळं ठीक, पण केस बिघडते ती दवाखान्याच्या पहिल्या कागदावर. केसपेपर लिहिताना विचारतात, काय झालं? सोबतचा माणूस घाईत सांगतो, "सायकलवरून पडला." तेच लिहिलं जातं. सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो की गाडीचा संबंधच नाही, हा आपोआप पडला. म्हणून कार्डावर ठळक छापा: "गाडीने धडक दिली, गाडी नंबर अमुक, एमएलसी नोंद करा." नंबर नसेल तर "अनोळखी वाहनाने धडक दिली." जखम किरकोळ वाटली तरी. (एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद.)
पोलिसांत त्याच दिवशी. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंद करायची तरतूद कलम १७३ मध्ये आहे, बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा). गुन्हा लागतो तो बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) २८१ आणि १२५. फ्रॅक्चर असेल तर ती गंभीर दुखापत, म्हणून एक्स-रेचा रिपोर्ट जपून ठेवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.
नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) मध्ये सहा महिन्यांची मुदत आली, १ एप्रिल २०२२ पासून लागू. आधी मुदतच नव्हती, त्यामुळे "करू सावकाश" सांगणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका. अपघात धुळे जिल्ह्यात झाला आणि तुम्ही जळगावला राहता, तर दावा जळगावला टाकता येतो.

भरीत_भाकरी
एवढं सगळं कार्डावर? मंग कार्ड नही भो, सातबारा व्हयी जाई.

यावल_सातपुडा
गाडी पळून गेली तर काहीच मिळत नाही ना? उगाच पोलीस स्टेशनच्या चकरा.

कोर्टगल्ली
मिळतं. हिट अँड रनची योजना आहे, त्याच कायद्याचं कलम १६१. गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात. पण पोलिसांत नोंद नसेल तर अर्जाला आधारच नाही, म्हणून त्या चकरा.
आणि ५ मे २०२५ पासून कॅशलेस उपचार योजना आहे. मोटार वाहनाने झालेल्या रस्ता अपघाताला अपघाताच्या तारखेपासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, यादीतल्या दवाखान्यात. सायकलवालाही त्यात बसतो. हेही पोलिसांच्या दुजोऱ्यावर अडतं.

नाना_पारोळा
मी तेच म्हणतोय, ११२ आधी.

केळीबाग_रावेर
पैशांचं राहिलं. ड्रायव्हर पाचशेच्या दोन नोटा पुढे करतो, गर्दीतले चार लोक म्हणतात मिटवून टाका. तिथे कशावरही सही करायची नाही. अंग गरम असताना दुखणं कळत नाही. हातावर पडलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून दुखलं तर तिथलं बारीक हाड मोडलेलं असू शकतं आणि ते पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. हजार रुपयांत काय मिटवणार? डोक्याला मार असेल तर ४८ तास एकटं सोडायचं नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना.

भुसावळ_यार्ड
हेल्मेट कुठलं वापरता ते सांगा आधी. हजारातली पिंपं घालून फिरतात लोक. माझं साडेसात हजारांचं आहे, आतला थर वेगळा फिरतो.

दहाचा_पाना (धुळे)
साडेसात हजारांचं असो नाहीतर हजाराचं, एकदा आपटलं की बाद. आतला थर्माकोल दबून मार खातो, तो परत फुगत नाही. बाहेरून ओरखडाही नसतो कधीकधी. फेकू नका मात्र, पुरावा आहे तो.
सायकलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पंचनामा होईपर्यंत काही सरळ करू नका, चाकसुद्धा. नंतर सगळ्यात आधी मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणारा भाग) हँगर बघा, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी. मागे उभं राहून डिरेलरची दोन्ही छोटी चाकं (जॉकी व्हील) आणि वरची दातेरी एका रेषेत दिसली पाहिजेत. हँगर आत वाकलेला असताना सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये जातो, आणि दोनेकशे रुपयांच्या पार्टवरून काम चाक-डिरेलर दोन्हीवर येतं. फ्रेम बघायला दोरा: मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) हेड ट्यूबला (हँडलखालची पुढची नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा, सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर फ्रेम गेली. अॅल्युमिनियमची असेल तर हेड ट्यूबच्या मागे, डाउन ट्यूबच्या (तिथून पेडलकडे जाणारी नळी) खालून बोट फिरवा, रंगाला सुरकुती लागते. कार्बन फोर्क असेल तर स्टेम (हँडल धरणारा भाग) उतरवून फोर्कची नळी बघितल्याशिवाय बसू नका. ती तडा जाण्याआधी सांगत नाही.
सायकलचं बिल आणि बॉटम ब्रॅकेटखालच्या (पेडलचा आस बसतो तिथल्या) फ्रेम नंबरचा फोटो आजच काढून ठेवा. दाव्यात सायकलचं नुकसानही मागता येतं.

लळिंग_चढ
फुटेजचं एक. पंप आणि ढाब्यांचे कॅमेरे जुनं पुसून वर नवीन भरतात. त्याच दिवशी जाऊन विनंती करा, पोलिसांनाही लेखी द्या. आणि आपली क्लिप व्हॉट्सअॅपवर साधी टाकू नका, दर्जा आणि मूळ माहिती दोन्ही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कॅमेऱ्यातलं मूळ मेमरी कार्ड तसंच ठेवा. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियम कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

यावल_सातपुडा
साक्षीदार थांबत नाहीत हो. सगळ्यांना कोर्टाची भीती.

कोर्टगल्ली
मोटार वाहन कायदा, कलम १३४अ. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. हे त्याला तिथेच सांगा आणि स्वखुशीने दिला तर फोन नंबर घ्या.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: कॅमेरा नाही, हेल्मेट ज्याचं त्याने बघावं, कार्डही नाही आणि पाऊचही नाही. घामाने कार्डाचं लॅमिनेशन सुटतं आणि पाऊच लोक घरी विसरतात. टॉप ट्यूबवर (फ्रेमची वरची आडवी नळी) व्हिनाइल स्टिकर करतोय, सात ओळींचा, रक्तगट आणि घरचा नंबर खाली. ६० रुपयांत बसतंय. उरलेल्या पैशांत प्रत्येकाला मागचा लाल लाइट.

कोर्टगल्ली
अहो, सायकल मुद्देमाल म्हणून जमा झाली की स्टिकरही पोलीस स्टेशनच्या आवारात. सुपूर्दनाम्यावर सुटेपर्यंत तिकडेच.

गिरणाकाठ
पोलीस आले म्हणजे पहिल्या पाच ओळी झालेल्या असतील. एमएलसीची ओळ तेवढी लाइटच्या पट्ट्यावर पण लिहितो.

दहाचा_पाना
पट्टा पण सायकललाच असतो. हेल्मेटच्या आतून लिहा.

भुसावळ_यार्ड
माझ्या हेल्मेटच्या आत जागा आहे त्यासाठी.

नाना_पारोळा
कुठेही लिहा, अक्षरं मोठी आणि मराठीत. ढाब्यावरच्या पोराला वाचता आली पाहिजेत.