मदत हवी आहे: कॉलेजच्या खतखड्ड्याला भयंकर वास येतोय, सोमवारपर्यंतच वेळ आहे

फोंडेकर_टीवाय:
आम्ही एनएसएसवाल्यांनी जूनमध्ये कॅन्टीनच्या मागे खत करायला घेतलं, आता एवढा वास येतोय की लायब्ररीच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतायत आणि सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय नाहीतर बुजवणार. फक्त ओला कचराच टाकतो. ताक पण ओतून बघितलं. काय चुकतंय ते लवकर सांगा प्लीज.

भाटातला:
खड्डा की ड्रम? वर छप्पर आहे का? सुकं काय घालता? काहीच सांगितलं नाहीस. आधीच चिंब असलेल्यावर ताक ओतलं की ते आणखी ओलं होणार.

फोंडेकर_टीवाय:
खड्डा. ताडपत्री होती, वाऱ्याने उडाली. सुकं म्हणजे? रोज कॅन्टीनच्या दोन बादल्या जातात.

डिचोलीची_आई:
मुलांनी हे करायचंच कशाला? गोव्यात साळगावला 2016 पासून सरकारचा प्लँट आहे, ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि वीज होते. पालिकेला सांगा, गाडी येईल.

भाटातला:
ताई, त्याने वास कसा घालवायचा ते विचारलंय. आणि पाव-भाजीचं खरकटं गाडीत घालून लांब न्यायचं, त्यापेक्षा जागच्या जागी माती झालेली काय वाईट?

वही_वाचवा:
कॉलेजात खरा कचरा कागदाचा असतो. जर्नलची पाठची बाजू कोरी जाते, ती पानं शिवून रफ वही करा, मी तीन वर्षं केलंय. खताचं नंतर बघा.

म्हापशेकर:
दोन बादल्यांत नक्की काय काय असतं?

फोंडेकर_टीवाय:
पातळ भाजी, पाव, चहाचा चोथा, केळ्याच्या साली, कागदी कप आणि प्लेट्स. कागद कुजतोच ना.

म्हापशेकर:
सापडलं! एक कप रात्रभर पाण्यात ठेव, सकाळी अंगठ्याने चोळून कागद काढ. आत कपाच्याच आकाराची पातळ पारदर्शक पिशवी हातात राहील. ते प्लास्टिक आहे, त्यात पाणी साचतं, खाली हवा जात नाही, म्हणून सडतंय.

डिचोलीची_आई:
प्लास्टिकच्या कपांवर 1 जुलै 2022 पासून बंदी आली ना?

म्हापशेकर:
निव्वळ प्लास्टिकच्या कपांवर. हे कागदी म्हणून चालतात. स्टीलचे पेले आणा, हाच उपाय.

भाटातला:
पेले धुणार कोण? आमच्याकडे दोन आठवड्यांत निम्मे गायब झाले. मुलांनी स्वतःचा मग आणावा, तेच टिकतं. असो, आधी खड्डा. कप-प्लेट्स वेचून काढ, फावड्याने सगळं उलटंपालटं कर, पातळ भाजी गाळूनच टाक, आणि एक बादली ओल्याला निदान दोन बादल्या सुकं. सुकी पानं, नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडाचा भुसा. प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. वर पत्रा घाल, ताडपत्री नको.

फोंडेकर_टीवाय:
आज चौघांनी मिळून कप काढले, तीन गोणी भरल्या, हातांचा वास अजून जात नाहीय. पण या पावसात सुकी पानं आणू कुठून?

भाटातला:
सॉ मिलवर जा, गोणी घेऊन. आणि कॅन्टीनवाल्याशी आजच बोल, नाहीतर उद्या परत कप येतील.

फोंडेकर_टीवाय:
बोललो. म्हणाला दीडशे पेले तुम्ही आणा, धुवायचं मी बघतो. कोणाकडे जुने पडून असतील तर कळवा, आम्ही येऊन नेतो.