रात्रीचे कुलूप ही स्मृतिभ्रंश निवासाची सुरक्षा मानावी का?

फोंडेकर (धागालेखक):

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या निवासांची चौकशी करायला गेले की सुरक्षेच्या नावाने बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी आवर्जून दाखवल्या जातात: फाटकाचे कुलूप, कॅमेरे आणि पलंगाचे कठडे. रात्री दोन वाजता येथे किती माणसे जागी असतात, असे विचारले की मात्र उत्तर मिळायला वेळ लागतो. माझे मत असे आहे की निवासाचा दर्जा ठरवताना रात्रपाळीचे मनुष्यबळ हा पहिला निकष असावा. आणि कुलूप, कठडे व गुंगीची औषधे यांचा वापर माणसे कमी आहेत म्हणून होत आहे का, हे तपासण्याचा अधिकार नातेवाइकांना आणि शासनालाही असावा.

गोव्यात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०११च्या जनगणनेत गोव्यातील साठीपुढच्यांचे प्रमाण ११.२ टक्के होते आणि केरळखालोखाल ते देशात सर्वाधिक होते. भारतातील साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाने मांडला आहे. आपल्याकडे अनेक घरांतील मुले आखातात, पोर्तुगालात किंवा इंग्लंडमध्ये असल्यामुळे आठवड्यातून एकदा अचानक डोकावून येणारे कोणी उरत नाही, आणि आईची विचारपूस व्यवस्थापकाच्या फोनवरच आटोपते.

या आजारात संध्याकाळनंतर अस्वस्थता वाढते, ‘मला घरी जायचे आहे’ हा हट्ट सुरू होतो, रात्री लघवीसाठी उठणे होते, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक निवासांत सर्वांत कमी माणसे असतात. कठडा लावलेल्या पलंगावरून भांबावलेला माणूस उतरायचा थांबत नाही. तो कठड्यावरून चढून उतरतो आणि अधिक उंचीवरून पडतो, किंवा कठड्याच्या फटीत त्याचा हात वा मान अडकते. गुंगीच्या औषधांचेही तसेच आहे. तीव्र मनोविकारांवरील (‘अँटिसायकोटिक’) नव्या पिढीतील औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. ही औषधे कधीच देऊ नयेत, असे मी म्हणत नाही; पण ‘रात्री शांत झोपावेत म्हणून’ हे ती देण्याचे कारण होऊ शकत नाही.

कुलपाबद्दल आणखी एक मुद्दा आहे. आपल्याकडची काही निवासे जुन्या घरांत चालतात. बल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), चिऱ्याच्या पायऱ्या, गुळगुळीत लाल जमीन आणि बाहेर जायला एकच मोठे दार, असे त्या घरांचे स्वरूप असते. २०१६च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत वृद्धांची निवासे संस्थात्मक इमारतींत मोडतात आणि बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, असा तिचा सर्वसाधारण दंडक आहे. पावसाळ्यात वीज गेली, तारा जळून धूर झाला आणि किल्ली झोपलेल्या पहारेकऱ्याच्या खिशात असली, तर त्या कुलपाने कोणाचे रक्षण केले?

निवासचालक, बार्देश:

धागालेखकांच्या हेतूविषयी शंका नाही, परंतु निवास चालवण्याचा हिशेब त्यांनी मांडलेला नाही. चोवीस तास एक माणूस हजर ठेवायचा म्हणजे एक माणूस नेमून भागत नाही. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, चवथीची रजा, आजारपणे आणि गावाकडे गेलेला माणूस न परतणे हे सगळे धरले की एका जागेसाठी चार ते पाच माणसे लागतात. बारा खाटांच्या निवासात रात्री आणखी एक जण वाढवला, तर तो खर्च त्या बारा कुटुंबांवरच पडतो. पेन्शनवर चालणाऱ्या घरांना तो झेपत नाही आणि ती माणसे मग निवासात येतच नाहीत. कोठीच्या खोलीत, बाहेरून कडी लावून, घरीच राहतात. ती कडी तपासायला कोणताही अधिकारी जात नाही.

फाटकाविषयी स्पष्टच सांगतो: आमच्या फाटकाला कुलूप असते आणि पुढेही राहील. बाहेर रस्ता आहे, हंगामात त्यावर भाड्याच्या दुचाक्या बेफाम धावतात, पलीकडे शेत आहे आणि शेताच्या कडेला कठडा नसलेली विहीर आहे. एखादे आजोबा पहाटे बाहेर पडले आणि त्या विहिरीपाशी सापडले, तर मनुष्यबळाचे प्रमाण कोणीही विचारणार नाही. फाटक उघडे का होते, एवढेच विचारतील. कठडे आणि औषधांबद्दल धागालेखकांचे म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे.

निवृत्त परिचारिका, म्हापसा:

दोघांनीही नोंदवह्यांचा विषय सोडून दिला आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, हा शुश्रूषेतला जुना पाठ आहे. निवृत्तीनंतर मी एका निवासात काही काळ काम केले. तेथे कूस बदलल्याचा तक्ता सकाळी सहा वाजता, एकाच पेनाने आणि एकाच हस्ताक्षरात, रात्री दहापासूनचा सगळा भरला जात असे; आणि रुग्णाच्या माकडहाडावरची जखम मात्र त्या तक्त्याशी सहमत नसे. तपासणीला आलेल्यांनी तक्ता पाहिला, रुग्णाला कुशीवर वळवून कोणी पाहिले नाही. मानके कितीही लिहा, तपासणीस दिवसा अकरा वाजता, आधी कळवून येणार असतील, तर त्यांना कागदच दिसणार.

भाषेचाही प्रश्न आहे. रात्रपाळीची मुले-मुली बहुधा परराज्यांतून आलेली असतात, कष्टाळू असतात, पण त्यांना कोंकणी वा मराठी येत नाही. या आजारात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी विरते आणि लहानपणीची मागे उरते. आजीबाई कोंकणीतून पाणी मागत असतात आणि नोंद होते ती ‘रात्रभर आरडाओरडा’ अशी. मग डॉक्टरांना फोन जातो आणि गोळी वाढते. दुखणे, तहान, बद्धकोष्ठ आणि लघवीचा जंतुसंसर्ग ही चार कारणे तपासल्याशिवाय गोळी वाढवू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ फरक पडेल.

वकील, डिचोली:

कायद्याची बाजू मांडतो, कारण ती चर्चेत आलेली नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, आकलन, भान आणि स्मृती यांतील गंभीर बिघाडाचा समावेश आहे, म्हणून विवेकशक्ती वा दैनंदिन व्यवहार कोलमडवणारा स्मृतिभ्रंश तिच्याबाहेर ठेवणे कठीण आहे. अशा व्यक्तींना देखभालीसाठी ठेवणारी संस्था, तिचे नाव काहीही असो आणि हे काम ती अंशतः करीत असो, मानसिक आरोग्य आस्थापनेच्या व्याख्येत येते आणि तिला नोंदणी करावी लागते. नातेवाइकांसोबतचे घर तेवढे वगळले आहे. कलम ९७ नुसार शारीरिक बंधन हे तत्काळ संभवणारी इजा टाळण्याचा एकमेव मार्ग असेल तेव्हाच आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या मान्यतेने घालता येते. त्याची पद्धत, कारण आणि कालावधी नोंदवावा लागतो, नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते आणि दर महिन्याला या कायद्याखालील पुनर्विलोकन मंडळाकडे अहवाल जातो. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बंधन घालता येणार नाही, असेही त्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. साखळीने बांधण्यास तर कलम ९५ अन्वये पूर्ण बंदी आहे.

सर्वसाधारण वृद्धाश्रम मात्र ‘आमच्याकडे दोनच जण विसरभोळे आहेत’ असे म्हणून या चौकटीबाहेर राहू पाहतात. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. पण स्मृतिभ्रंशासाठी लागणाऱ्या देखभालीची वेगळी मानके तो कायदा घालून देत नाही.

निवासचालक, बार्देश:

मनोरुग्णांची संस्था म्हणून पाटी लागली, तर किती कुटुंबे आपल्या वडिलांना तेथे आणतील? बांबोळीच्या मनोरुग्णालयात साध्या तपासणीसाठी न्यायचे म्हटले तरी लोक शेजाऱ्यांना दुसरेच कारण सांगतात. कायदा योग्य असेल, पण त्याच्या नावानेच माणसे दूर राहिली, तर लाभ कोणाला होणार?

एक मुलगी, परदेशातून:

मी धागालेखकांशी असहमत आहे आणि ते स्पष्टपणे नोंदवते. माझी आई घरून निघून जात असे. वाड्यावरची माणसे तिला ओळखून परत आणत, पण वाड्यावरची निम्मी घरे आता बंद आहेत. मला कुलूप हवे आहे. मोकळेपणाने हिंडण्याच्या हक्काविषयी वाचायला बरे वाटते, परंतु रस्ता कशाला म्हणतात हे ज्या व्यक्तीला कळत नाही, तिच्या बाबतीत तो हक्क म्हणजे आपली जबाबदारी टाळण्याचे सुबक कारण होऊ शकते. आईच्या वतीने मी लेखी संमती दिली आहे. निवासाकडून मला दोनच अपेक्षा आहेत: ती पडली तर त्याच दिवशी कळवावे आणि मी व्हिडिओ कॉल केला की तिला सजवून खुर्चीत न बसवता ती असेल तशी दाखवावी.

आरोग्यसेवेतील वाचक, मडगाव:

निवासांच्या मानकांवर एवढी शक्ती खर्च करण्याआधी आपल्याच राज्यातील एक प्रयोग आठवावा. गोव्यातील ८१ कुटुंबांवर झालेली एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक गृहसेवा सल्लागारांनी घरी जाऊन मार्गदर्शन केले आणि त्याने सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. बहुसंख्य रुग्ण घरीच असताना सरकारी पैसा आधी तेथे जायला हवा.

फोंडेकर (धागालेखक):

शेवटच्या प्रतिसादाशी माझा वाद नाही. फक्त घरची देखभाल ज्या टप्प्यावर संपते, तेथून माझा प्रश्न सुरू होतो आणि तेव्हा माणूस सर्वांत दुबळा झालेला असतो. ताई, आपल्या आईसाठी फाटक बंद असावे, हे मीही मान्य करीन. कुंपण, विहिरीवर जाळी, आवारात गोल फिरून परत येणारी वाट आणि दार उघडताच वाजणारी घंटा एवढे असेल, तर बंद आवारातही माणूस मोकळा फिरू शकतो. माझा आक्षेप खोलीच्या बाहेरच्या कडीला आणि किल्ली एकाच माणसाकडे असण्याला आहे. संमतीबद्दल मात्र मला शंका आहे: प्रवेशाच्या दिवशी सही केलेला कागद दोन वर्षांनंतर पलंगाला हात बांधण्याची संमती कसा ठरतो? आणि निवासचालकांना विचारतो, खर्च परवडत नाही हे मान्य केले, तरी रात्री किती माणसे असतात हे सांगायला काय खर्च येतो?

निवासचालक, बार्देश:

काही नाही. रात्रपाळीचा तक्ता दर्शनी भागात लावायला माझी हरकत नाही. कामगारांची नावे मात्र नकोत, संख्या आणि वेळ पुरे. फाटकाची दुसरी किल्ली रात्रपाळीच्या प्रत्येक माणसाजवळ असते आणि आतल्या खोल्यांना आमच्याकडे बाहेरून कड्या नाहीत. पण आधी न कळवता रात्री तपासणी करायची असेल, तर तपासणाऱ्याने दारात उभे राहून मोठ्याने बोलू नये. एक जण जागा झाला की बाराही जण जागे होतात आणि पहाटेपर्यंत आम्ही त्यांच्यामागे असतो.

वकील, डिचोली:

मग ही संख्या प्रवेशाच्या करारातच लिहा. फलक उतरवता येतो, करार उतरवता येत नाही.