ड्रॅगस्टर किट: फ्रेमला पीळ, बॉडीला फट, ब्लोअर तिरका. पुट्टी भरू का?

निप्पर_नाशिक
नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत विमानं आणि रणगाडेच केलेत, गाडी पहिल्यांदाच हातात घेतलीये. १/२५ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, स्लिंगशॉट ड्रॅगस्टरचं (सरळ पट्ट्यावर शर्यतीला पळवायची गाडी) आहे, म्हणजे साठच्या दशकातलं ते लांबच लांब, पुढे तारांची बारीक चाकं, मधे इंजिन आणि ड्रायव्हर मागच्या अॅक्सलच्याही मागे. कंपनीचं नाव घेत नाही, साचा जुनाय एवढं पुरे.
फ्रेम डावी-उजवी अशा दोन भागात येते आणि मधे आडवे पाइप. नुसती टेप लावून जुळवून बघितली तर तीन चाकं टेबलाला टेकतात आणि पुढचं उजवं हवेत, दाबलं की मागचं उचलतं, ढिल्या झालेल्या बाजेसारखी डुगडुगतीये. इंजिन ठेवून वरची बॉडी लावली की फायरवॉलपाशी (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधला पत्रा) चांगली १ मिमीची फट राहते. ब्लोअर (इंजिनात हवा कोंबणारा पंप) मॅनिफोल्डवर, म्हणजे खालच्या हवेच्या नळ्यांच्या भागावर, तिरका बसतोय. वर क्रोमचे हेडर (धुराचे पाइप) काही केल्या चिकटत नाहीयेत, सिमेंट (मॉडेलचा गोंद) लावून धरून ठेवलं तरी सोडलं की पडले. सगळीकडे पुट्टी भरून घासून टाकावं असं मनात येतंय पण आधी विचारतो. अजून काहीच कायमचं चिकटवलेलं नाही.

रेल_काका
चिकटवलं नाहीस ते बेस्ट, आता पुट्टीची ट्यूब कपाटात ठेव. तुझ्या चार तक्रारींपैकी निदान दोन एकाच जागेवरून येतायत आणि ती जागा म्हणजे फ्रेम. तिला पीळ असेल तर इंजिनाचे माउंट वरखाली होणार, इंजिन तिरकं बसणार आणि मग बॉडी मिटणार कशी. फट दिसते बॉडीला पण दुखणं खाली आहे.
दोन्ही भाग वेगवेगळे काचेवर आडवे टाक (जुन्या फोटोफ्रेमची काच चालते), पलीकडून मोबाईलचा टॉर्च मार, जिथून उजेड येतो तिथे बाक आहे. त्याआधी पाइपांवरची साच्याची रेघ कटरच्या पात्याने खरवडून काढ आणि आडवे पाइप जिथे घुसतात त्या खाचा नीट बघ, जुन्या साच्यात खाचेच्या तळाशी फ्लॅशचा, म्हणजे साच्यातून उतू गेलेल्या जादा प्लॅस्टिकचा, पापुद्रा असतो, दिसत नाही पण तेवढ्यानं पाइप पूर्ण आत जात नाही आणि अख्खी फ्रेम फाकते. खुंटी आणि भोक जुळत नसतील तर खुंटी बिनधास्त छाटून टाक, ती चुकीच्या जागी ओढत असेल तर काय कामाची.
बाक काढायला गरम पाणी. उकळी आली की गॅस बंद कर, दोनेक मिनिटं थांब, मग तो भाग चिमट्याने धरून बुडव, मऊ वाटला की काचेवर दाबून सरळ कर आणि तसाच धरून गार पाण्यात. एका दमात पूर्ण सरळ करायला जाऊ नकोस, थोडं थोडं कर. खळखळ उकळत्या पाण्यात टाकलंस तर बारीक पाइपांची जिलबी होईल, मग माझ्या नावाने बोंब मारू नको.
चिकटवताना काचेखाली आलेखाचा कागद ठेव, मधली रेघ आखून घे, दोन्ही बाजूला लाकडाचे ठोकळे गुण्याने काटकोनात लाव आणि त्यांच्यामधे फ्रेम बसव. आधी एकेक थेंबाने नुसती टाचून घे, चारही चाकं टेकतायत का बघ, मग पातळ सिमेंट सांध्यात सोड आणि एक अख्खा दिवस ठोकळ्यातून काढू नकोस. लोक तासाभरात काढतात आणि मग परत पीळ.
बॉडी नेमकी कुठे अडते ते शोधायला बॉडीच्या आतून व्हाइटबोर्ड मार्कर जाड फासायचा आणि ओला असतानाच इंजिनावर दाबायची. ज्या पार्टला रंग लागला तिथे घासायचं. वर्कशॉपमधले फिटर निळा रंग लावून हेच करतात.

ओकाला_रिटर्न
फ्लोरिडात राहतो त्यामुळे ओकालाला ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या म्युझियममध्ये जाणं होतं, खऱ्या गाड्या हातभर अंतरावरून बघायला मिळतात. काकांच्या पोस्टला जोड. त्या काळच्या ड्रॅगस्टरला मागे सस्पेन्शनच नसायचं, अॅक्सल थेट फ्रेमला जखडलेला. म्हणून मॉडेलमध्येही चूक लपायला स्प्रिंग वगैरे काही नाही, फ्रेम जशी तशी चाकं. पण क्रोमोलीच्या (एक मिश्र पोलाद) पाइपांची ती फ्रेम लवायची भरपूर, त्यामुळे बाजूने बघताना किंचित झोळ दिसला तर डोकं खाऊ नका, तो शोभतो. समोरून बघताना पीळ दिसला तर मात्र काढलाच पाहिजे.
फटीबद्दल. १/२५ ला १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर २५ मिमी, इंचभर, ती घालवायचीच. पण खरी बॉडी म्हणजे अॅल्युमिनियमचे वेगवेगळे पत्रे, पाव फिरकीत सुटणाऱ्या स्क्रूंनी लावलेले, इंजिन उघडायला सारखे काढायला लागायचे. तिथे पुट्टी भरून गुळगुळीत केलंत तर गाडीत असलेला सांधाच पुसला. केसाएवढी रेघ राहू द्या.
(अवांतर: इंजिन मांडीत घेऊन बसायची ही पद्धत संपली त्यात गार्लिट्सचाच मोठा हात. ८ मार्च १९७० ला लाँग बीचच्या लायन्स या ड्रॅग रेसच्या स्ट्रिपवर त्याचा ट्रान्समिशन फुटला, उजव्या पावलाचा तुकडा गेला. पुढच्याच वर्षी तो इंजिन मागे असलेली गाडी घेऊन पोमोनाला विंटरनॅशनल्स ही स्पर्धा जिंकला आणि मग हळूहळू सगळेच तिकडे वळले.)

क्रोम_काढा_ताई
हेडर चिकटत नाहीत कारण सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतं आणि तुमच्या सांध्यात प्लॅस्टिकच नाहीये, वर क्रोमचा थर आहे. जिथे चिकटवायचं तेवढंच खरवडा किंवा सगळंच काढा, मी सगळं काढते कारण क्रोमखाली साच्याच्या रेघा तशाच असतात आणि त्या घासल्या की क्रोम जातोच. कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच झाकणाच्या डब्यात घ्या, पार्ट बुडवा, खिडकी उघडी ठेवा, हातात ग्लोव्ह्ज. चमक निघून जाते, कधी खाली लाखेचा पिवळट थर उरतो तो वेगळा खरवडावा लागतो. आणि कृपा करून त्यात संडास साफ करायचं अॅसिड कोणी मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो, मस्करी नाही.
ब्लोअरसाठी काचेवर ४०० चा वॉटर पेपर चिकटवा आणि मॅनिफोल्डचा वरचा भाग त्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. पुढे-मागे घासलं की कडा गोल होतात. आधी स्केचपेनने रेघोट्या मारा, सगळ्या पुसल्या गेल्या म्हणजे पृष्ठभाग सपाट. मग ब्लोअरचा तळ पण तसाच.

भर_पुट्टी
सगळे पुट्टीच्या मागे का लागलेत 😄 चाकं टेकली, बॉडी मिटली, तरी सीटच्या मागे आणि पाइपांच्या जोडावर खड्डे राहणारच. त्याच किटच्या स्प्रूचे (पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला लागून येतात तो) तुकडे पातळ सिमेंटच्या अर्ध्या बाटलीत टाकून रात्रभर ठेव, मधासारखं झालं की ब्रशने भर. प्लॅस्टिक तेच त्यामुळे घासताना कडक-मऊ असा फरक पडत नाही. फक्त जाड थर दिलास तर वाळताना बसतो, दोनदा भर. मोठ्या फटीत पाचर मार, विकतची शीट नसेल तर त्रिकोणात ६ आकडा आणि पीएस लिहिलेला डिस्पोजेबल डबा काप, ते पॉलिस्टायरीनच असतं, सिमेंट धरतं. जुनी एटीएम कार्डं वापरू नको, ती पीव्हीसीची, हे सिमेंट त्यांना भरवशाचं नाही.

निप्पर_नाशिक
काका टॉर्चची आयडिया भारी. डावा भाग पुढच्या टोकाला वाकलेला निघाला, गरम पाण्याने बराच सरळ झालाय. खाचेत पापुद्रे होतेच. मार्करचा रंग बेलहाउसिंगच्या (इंजिनामागचं क्लचचं कवच) वरच्या कडेला लागला, तिथे घासतोय, फट निम्म्यावर आली. आता पुढचं चाक जरासंच उचललेलं राहतंय, जाड कागद सरकतो खालून. फ्रेम परत गरम करू का?

रेल_काका
नको नको, फ्रेमला आता हात लावू नकोस. तेवढं अॅक्सलमधे निघतं. किटचा प्लॅस्टिकचा पुढचा अॅक्सल मधोमध काप, दोन्ही तुकड्यांना पिन व्हाइसने (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) भोक पाडून पितळेची बारीक तार घाल, मागची चाकं लावून गाडी काचेवर ठेव, पुढची दोन्ही टेकव आणि त्याच स्थितीत सुपरग्लूचा एक थेंब. कापलेली जागा भर_पुट्टीच्या मधाने बुजव, एवढ्यापुरती त्याला परवानगी.

भर_पुट्टी
उपकार झाले काका 🙏 निप्पर, मागचे टायर मऊ व्हिनाइलचे असतील तर रिमला आधी रंगाचा थर दे, तसेच चढवून ठेवलेस तर काही वर्षांनी टायर रिम खातो.